कालव्यावरील घर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



परदेशात काय पाहिले ते सांगा, अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. लंडनच्या राजवाड्यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी आज केवळ माझ्या मुलाच्या घराविषयी बोलणार आहे. हे घर 57 फूट लांब, 6 फूट 10 इंच रुंद असून ते पाण्यावर तरंगते.

चिरंजीवांनी ‘घर घेतले’ असे कळविले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. दूरध्वनीच्या पडद्यावर लाकडी भिंत, शेगडी आणि पुस्तकांची फळी दिसे. सबंध घर मात्र कधी दिसले नाही. पुढे आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा लेस्टर शहराजवळच्या कालव्याकाठी उभे करून तो म्हणाला, “बाबा, हेच घर.” मी तीन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. ज्ञातीत आता काय सांगावयाचे, हीच मला चिंता. ही नाव विकावयास लावीन आणि मगच परत फिरेन, असा निश्चय मी मनाशी केला.

आपल्याकडे कालवा म्हटला की पाण्याची पाळी, पाटकरी आणि द्राक्षबागा डोळ्यांपुढे येतात. गंगापूरचे किंवा नांदूरमध्यमेश्वरचे पाणी शेतीसाठी वाहते. त्यातून कोणी प्रवास करीत नाही. परंतु आपलीच गोदावरी आंध्रात समुद्राजवळ पोहोचते, तेथे धवळेश्वरम येथे सर आर्थर कॉटन यांनी 1847 ते 1852 या काळात बंधारा घातला, आणि त्याच्या कालव्यांनी शेतास पाणी व नावांस वाट अशी दोन्ही कामे केली. इंग्लंडातील बहुतेक कालवे तर मालाच्या वाहतुकीसाठीच खोदले गेले. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या स्थापत्यकाराने मध्य इंग्लंडात सुमारे सात फूट रुंदीचे लॉक बांधले. त्यातून जावयाचे तर नावही तेवढीच अरुंद हवी. म्हणून तिचे नाव नॅरोबोट. घोडा काठावरून दोर ओढी, आणि नावाड्याचे कुटुंब मागच्या चिमुकल्या खोलीत संसार करी.

रेल्वेने हा धंदा बसविला. कालवे गाळाने भरू लागले. तेव्हा एल. टी. सी. रोल्ट यांनी नावेतील वास्तव्यावर लिहिलेले पुस्तक 1944 साली प्रसिद्ध झाले, आणि 1946 साली कालवे वाचविण्यासाठी एक संस्था निघाली. सामान्य माणसे रविवारी फावडी घेऊन गाळ काढू लागली. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग अशाच स्वयंसेवकांनी, सैनिक व कैदी यांच्या साहाय्याने दुरुस्त केला आणि तो 1964 साली पुन्हा खुला झाला. वर्षास एक स्मरणिका काढून समाधान मानणाऱ्या आपल्या मंडळाने हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आता लॉक म्हणजे काय ते सांगतो. ती पाण्याची पायरी होय. दोन दारांच्या हौदात नाव घ्यावयाची, मागचे दार लावावयाचे, आणि हाताने किल्ली फिरवून झडप उघडावयाची. पाणी भरले की नाव वर चढते. सोडले की उतरते. फॉक्स्टन येथे असे दहा लॉक जिन्यासारखे रचले असून नाव त्यांतून 75 फूट चढते. उतरताना मोठी दक्षता लागते. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो. नावेची शेपटी त्यावर अडकली आणि पाणी तसेच उतरत राहिले, तर नाव पुढे कलंडून बुडते. तेथे मुलाने मला पहारा करावयास उभे केले. आयुष्यभर इतरांवर पहारा करणारा मी, त्या दिवशी पहिल्यानेच घाबरलो.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज परदेशी आहेत, म्हणून व्यवहाराचेही सांगतो. ‘भाडे नाही, म्हणजे स्वस्त’ हा भ्रम आहे. नावेवर सहसा घरासारखे गृहकर्ज मिळत नाही, आणि तिच्याखाली आपल्या मालकीची वीतभरही जमीन नसते. घेण्यापूर्वी ती पाण्याबाहेर काढून जाणकाराकडून तळाच्या पोलादाची जाडी मोजवून घ्यावी. वरच्या रंगास भुलू नये. 2012 पासून हे बहुतेक कालवे एका धर्मादाय न्यासाकडे आहेत. त्याचा परवाना लागतो. विमा लागतो, आणि सुरक्षिततेचा दाखला दर चार वर्षांनी नवा घ्यावा लागतो. दोन-तीन वर्षांनी नाव वर काढून तळास डांबरी लेप द्यावा लागतो. ज्याने कायमची जागा भाड्याने घेतलेली नाही, त्याने सामान्यतः चौदा दिवसांपेक्षा अधिक एका ठिकाणी राहावयाचे नाही. अशा माणसास टपालाचा पत्ता देतानाही अडचण पडते.

वेगाची मर्यादा तासाला चार मैल. बांधलेल्या नावांजवळून त्याहूनही सावकाश जावयाचे, नाहीतर लाटेने त्यांचे खुंटे उपटतात. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते. पंख्यात चिंधी गुंतली तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, थंड पाण्यात हात बुडवून ती काढावी लागते. शेगडीचा विषारी वायू कोंडू नये म्हणून घंटेचे यंत्र अत्यावश्यक आहे. पिण्याचे पाणी टाकीत भरून घ्यावयाचे; संपले की पुढील नळापर्यंत काही नाही. माझी पत्नी तिसऱ्या दिवशी म्हणाली, “धरणाच्या गावात राहून आपण पाणी जपायला शिकलो नाही, ते हा इथे शिकला.” 2025 च्या उन्हाळ्यात तर पावसाअभावी तिकडील अनेक कालव्यांवरील वाहतूक थांबवावी लागली. पाणी नसेल तर काठावरच्या शेतकऱ्याची आणि कालव्यावरच्या नावाड्याची गत एकच.

आता जी गोष्ट सांगण्यास मी संकोचत होतो, ती सांगतो. नावेतील शौचालयाखाली एक बंद डबा असतो. तो भरला की मालकाने स्वतः उचलून काठावरील ठराविक जागी रिकामा करावयाचा आणि धुवावयाचा. चौथ्या दिवशी सकाळी माझा मुलगा तो डबा हाती घेऊन निघाला. वाटेत एक वृद्ध इंग्रज गृहस्थ तसाच डबा घेऊन येत होते. दोघांनी एकमेकांस सुप्रभात म्हटले.

मित्रहो, माझ्या लहानपणी नाशकातील वाड्यांच्या मागे टोपलीचे संडास होते. ती टोपली उचलणारी बाई मागच्या बोळातून येई. तिला पाणी वरून ओतत, आणि ती गेली की दगडावर पाणी शिंपडीत. पाणी शिंपडण्याचे काम माझ्याकडे होते. तिचे नाव मी कधी विचारले नाही. पुढे शिक्षक झालो, फळ्यावर ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द शेकडो वेळा लिहिला. पण घाणीचा डबा कधी उचलला नाही. आता माझा पदवीधर मुलगा तो नेत होता आणि मी तोंड फिरवून उभा होतो. लाज कशाची वाटावी, हे मला त्या क्षणी उमगले.

दोन दिवसांनी डबा पुन्हा भरला, तेव्हा मी तो उचलला. मुलगा म्हणाला, “बाबा, राहू द्या.” मी म्हटले, “तू वाट दाखव.” तो जड होता. परत आल्यावर मी हात धुतले आणि चहा घेतला. जग जागच्या जागी होते.

नाव विका, असे मी त्यास सांगितले नाही. म्हातारपणी, आजारात किंवा कडाक्याच्या थंडीत हे घर कठीणच पडेल, हे मात्र मी त्यास स्पष्ट सांगितले. त्यालाही ते मान्य आहे. ज्याला केवळ मौज हवी, त्याने आठवडाभर भाड्याची नाव घेऊन परत यावे. विकत तिने घ्यावी, त्याने घ्यावी, ज्याला आपल्या घराचा नळवाला, यंत्रवाला आणि सफाईवाला स्वतःच होता येईल.

ज्ञातीत आता काय सांगावयाचे, हा माझा प्रश्न होता. ते मी आज सांगितले.