किनाऱ्याचा पहारा कोणाच्या तिजोरीतून?



पाचगणीपासून समुद्र दूर, घाटाखाली आहे. तरीही सागरी सुरक्षेचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न या डोंगराळ मुलखाला परका नाही. शेजारच्या जावळी तालुक्यातले केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचे गाव. 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर कसाबची रायफल त्यांनी प्राण जाईपर्यंत सोडली नाही. शत्रू परदेशातून समुद्रमार्गे आला होता, त्याला धरणारा मात्र राज्य पोलीस दलातला सहायक उपनिरीक्षक होता. माझे म्हणणे असे की, किनाऱ्याच्या पहाऱ्याचा पैसा, नौकेच्या खरेदीपासून रोजच्या डिझेलपर्यंत, केंद्राने द्यावा; माणसे आणि रोजचा कारभार राज्याकडे राहावा.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत देशाचे संरक्षण केंद्राच्या सूचीत आहे, पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याच्या. त्याच घटनेचे कलम 355 परचक्रापासून प्रत्येक राज्याचे रक्षण करण्याचे कर्तव्य केंद्रावर टाकते. शिवाय सीमाशुल्क केंद्र आकारते आणि कलम 297 नुसार प्रादेशिक समुद्राच्या तळाखालची खनिजे केंद्राच्या मालकीची. समुद्राचे उत्पन्न ज्याचे, त्याच्याच वाट्याला राखणीचा खर्च येणे न्यायाचे आहे.

केवळ न्यायाचाच नव्हे, परिणामाचाही विचार केला तरी उत्तर तेच येते. हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेली ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पोरबंदरची होती. हल्ला मुंबईवर झाला. एका राज्याचा पहारा ढिला पडला की किंमत दुसरे राज्य मोजते. अशा वेळी प्रत्येक राज्य आपापल्या ऐपतीप्रमाणे खर्च करू लागले, तर साखळी सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत राहील. 2005 मध्ये सुरू झालेल्या आणि 2011 पासून दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या किनारी सुरक्षा योजनेतून केंद्राने सागरी पोलीस ठाण्यांना आणि गस्तीच्या नौकांना पैसा दिला, हे योग्यच झाले. पण योजनेला मुदत असते, पहाऱ्याला नसते. इंजिनाची दुरुस्ती आणि कसलेले खलाशी यांना दरवर्षी पैसा लागतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने अठराव्या शतकाच्या प्रारंभीच हे ओळखले होते: आरमाराला कायमची नेमणूक असावी, अनिश्चित मिळकतीवर त्याला सोडू नये. मिळकतीसाठी व्यापाऱ्यांना उपद्रव झाला, तर बंदरेच उजाड होतात.

यावर पहिला आक्षेप असा की, केंद्राचा पैसा आला की केंद्राचा अंमलही येतो. ही भीती रास्त आहे. म्हणून हा निधी केंद्रीय मंत्रालयाच्या मर्जीवर न ठेवता वित्त आयोगाच्या शिफारशीने, ठरलेल्या सूत्राने मिळावा. पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वर्षाअखेर व्यपगत न होणाऱ्या स्वतंत्र निधीची शिफारस केलीच होती. दुसरा आक्षेप, आयत्या पैशाने राज्ये निष्काळजी होतील. त्यावर उपाय हिशेबाचा: समुद्रात प्रत्यक्ष घातलेल्या गस्तीच्या तासांवर रक्कम द्यावी आणि लेखापरीक्षण सक्तीचे करावे. 1993 मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरली, तेव्हा राज्याचे पोलीस आणि केंद्राचे सीमाशुल्क खाते, दोन्हीकडचे काही लोक फितले होते. नुसत्या पैशाने इमान राखले जात नाही, हे त्यातून शिकायचे. तिसरा आक्षेप, महाराष्ट्र श्रीमंत आहे, त्याने आपले पाहावे. अमेरिकेत टेक्सासने तसे केले. 2021 पासून सीमेवर 11 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली, मग भरपाई मागितली. तिची तरतूद 2025 मध्ये झाली. एवढा काळ ज्याला थांबता येत नाही, त्या गरीब राज्याची सीमा उघडीच राहील.

म्हणून या व्यासपीठावरून मी राज्यकर्त्यांना आवाहन करतो: वित्त आयोगापुढे जाताना इतर किनारी राज्यांना सोबत घ्या आणि गस्तीच्या आवर्ती खर्चाची मागणी एकमुखाने मांडा. ओंबळे यांच्या हाती त्या रात्री फक्त लाठी होती. पुढच्या शिपायाला शत्रू किनाऱ्यावर पोचण्याआधीच गाठता यावा, एवढी तरतूद करणे हे देशाचे कर्तव्य आहे.