नाताळच्या मिठाईचा भाव

माझगावच्या माथारपाखाडीतल्या आमच्या ईस्ट इंडियन घरात नाताळचे मार्झिपान, मिल्क क्रीम घरीच होते. पोर्तुगीजांचे मार्झिपान बदामाचे; इथल्या बायांनी काजू वाटले. (काजूचे झाडही पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले!) मिल्क क्रीमसाठी दूध, साखर, काजूची पूड मंद आचेवर ढवळत राहायचे, गोळा कडा सोडेपर्यंत. हात थांबला की खाली लागलेच. मग लोणी लावलेल्या साच्यांत दाबायचे.

पाककृती आजीची, असे घरातले पुरुष अभिमानाने सांगतात. ढवळायला कोणी येत नाही. ऑर्डरींचा भाव ठरवताना दूध, साखर, काजू, गॅस सगळे मोजतात. यंदा मी वहीत खाली मजुरीही लिहिली. 'घरच्या कामाची कसली मजुरी?' नवऱ्याने विचारले. गिऱ्हाइकांनी मात्र निमूट पैसे दिले.

तुमच्या गटांत दिवाळीच्या फराळाचा भाव लावताना हे तास धरता का?