थेंब लहान, जबाबदारी मोठी

नाशिकच्या अंबड परिसरातून कारखान्यांची वस्ती मागे टाकली की द्राक्ष, टोमॅटो, कांद्याची शिवारं दिसू लागतात. तिथे पाठीवरच्या पंपासोबत आता फवारणीचा ड्रोनही आला आहे. पाठीवरच्या पंपाने एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, तर ड्रोनला साधारण 10 लिटर पुरतं. म्हणजे द्रावण दाट आणि थेंब बारीक. वारा सुटला की ते शेजारच्या शेतात जातात. म्हणून वारा शांत असताना, लेबलवरचंच प्रमाण घेऊन फवारा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. मऊ ब्रशने साफ करा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. हातमोजे, मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय औषधाचा डबा उघडू नका. पीक पुन्हा येईल, माणूस नाही.