नवसाक्षरांच्या हाती वाचनाचे साधन



साक्षरतेच्या कार्याचे दोन टप्पे असतात. प्रौढ व्यक्तीस अक्षर ओळखता येणे हा पहिला, आणि ओळखलेले अक्षर तिच्या नित्य व्यवहारात टिकून राहणे हा दुसरा. पहिल्या टप्प्याचे कौतुक होते. दुसरा बहुधा दुर्लक्षित राहतो. स्वयंसेवकासाठी तयार करावयाची वाचन-मार्गदर्शिका ही या दुसऱ्या टप्प्याची गरज होय.

महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यात पसरली. गावेच्या गावे पुढे आली, ग्रामगौरव समारंभ झाले. ते कार्य निःसंशय अभिमानास्पद होते. परंतु समारंभानंतर ज्यांच्या हाती वाचावयास काहीच उरले नाही, अशा अनेक नवसाक्षरांची अक्षरे हळूहळू पुसट झाली. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, तेव्हा साक्षरोत्तर वाचनासाठी जनशिक्षण निलयमांची योजना करण्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. म्हणजे काम बरेच झाले, तरी संपलेले नव्हते. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षे व त्यावरील निरक्षरांसाठी असून त्याची सारी भिस्त स्वयंसेवकांवर आहे. या कार्यक्रमातील १५० गुणांची चाचणी महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी घेण्यात आली. चाचणी उत्तीर्ण होणाऱ्याने दुसऱ्या दिवशी काय वाचावे, हा खरा प्रश्न आहे.

कामगार वस्तीची निकड

कवी मोरोपंतांच्या वास्तव्याने पावन झालेल्या बारामतीत आज मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. शेजारच्या इंदापूर तालुक्यात लोणी देवकर येथे उद्योग आले आहेत. दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने असून हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी मजूर येतात. या साऱ्यांच्या हाती कागद पडतच असतात : पगाराची चिठ्ठी, काट्यावरील वजनाची पावती, औषधाची पट्टी, बँकेचे पासबुक. सही करावयास शिकलेला, परंतु कागद वाचू न शकणारा माणूस अंगठा उठविणाऱ्याइतकाच परावलंबी राहतो. किंबहुना त्याची सही असल्यामुळे त्याची तक्रार अधिकच दुबळी ठरते.

म्हणून येथे मार्गदर्शिका तयार करावयाची झाल्यास आरंभ पुस्तकापासून नव्हे, तर या कागदांपासून करावा. ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंगिकोस येथे सुमारे ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांत वाचन शिकविण्याचा जो प्रयोग केला, त्याचा पायाही शिकणाऱ्यांच्या जीवनातील शब्द हाच होता. आपल्याकडे ‘पगार’ आणि ‘वजन’ हे दोन शब्द घ्यावेत. त्यांतील सहा अक्षरे व काना एवढ्यावर ‘रजा’, ‘जागा’, ‘नगर’, ‘वारा’, ‘पान’ असे कितीतरी शब्द बनतात. ते शिकणाऱ्यांनी स्वतः शोधावेत. स्वयंसेवकाने घाईने सांगू नयेत.

एक बैठक, एक पान

कारखान्यातील पाळी बदलते, तोडणीची टोळी फड बदलते. कालचा धडा चुकला म्हणून आजचा समजला नाही, असे होता कामा नये. यास्तव मार्गदर्शिकेचे प्रत्येक पान स्वयंपूर्ण असावे. एक तासाच्या बैठकीची विभागणी पानावरच द्यावी : प्रथम १० मिनिटे विषयावर गप्पा, नंतर २० मिनिटे कागदाचे वाचन, १५ मिनिटे हिशेब, शेवटची १५ मिनिटे लेखन.

उदाहरणार्थ, वजनाच्या पावतीचे पान. भरलेले वाहन १८ टन, रिकामे वाहन ७ टन, तर ऊस किती? ११ टन हे उत्तर तोंडी सर्वांना येते. तोच आकडा पावतीवर कोठे छापला आहे, हे शोधणे म्हणजे वाचन. पगाराच्या चिठ्ठीचे पान असेल, तर मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १०,००० रुपये असता भविष्य निर्वाह निधीची १२ टक्के कपात १,२०० रुपये होते, हे पडताळून पाहावे. लेखनात रजेचा दोन ओळींचा अर्ज पुरेसा आहे.

जोडाक्षरे क्रमाने उशिरा येतात, परंतु ‘ज्वलनशील’ आणि ‘उच्च दाब’ या पाट्या तोवर थांबत नाहीत. असे शब्द पहिल्याच आठवड्यात चित्राप्रमाणे संपूर्ण ओळखावयास शिकवावेत; त्यांची फोड पुढे करता येईल. परप्रांतीय कामगारांना देवनागरी लिपी परिचित असली तरी मराठी शब्द नवा असतो. त्यांच्या बैठकीत गप्पांचा भाग हिंदीत घेण्याची मुभा पानावर नमूद करावी.

स्वयंसेवकासाठी सूचना

प्रौढ हा मोठा झालेला बालक नव्हे. त्याला ताई, दादा, मावशी, काका अशी हाक मारावी. चुकीबद्दल हसू नये, आणि सर्वांसमक्ष एकट्याला वाचावयास लावू नये. ज्यांचा पगार कमी-अधिक आहे त्यांची खरी चिठ्ठी वर्गात फिरवू नये. नमुन्याची चिठ्ठी वापरावी.

पान छापण्यापूर्वी ते एखाद्या वस्तीत प्रत्यक्ष चालवून पाहणे अगत्याचे आहे. जेथे स्वयंसेवक अडखळेल तेथे सूचना बदलावी. जेथे शिकणारे कंटाळतील तेथे कागद बदलावा. या कामी शिक्षक, कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी व बचत गटातील भगिनी यांनी एकत्र बसावे. कारखान्यांनी उपाहारगृहात मोठ्या अक्षरांतील वाचनफलक लावावा, ग्रामपंचायतींनी संध्याकाळी एक खोली व दिवा द्यावा. एवढी व्यवस्था झाली, तर पुढच्या हंगामात काट्यावर उभा राहणारा मजूर पावती घडी करून खिशात टाकण्यापूर्वी ती वाचून पाहील.