सूचीकाराची नजर आणि मक्त्याचे काम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेच्या ग्रंथालयाची पहिली सूची स्वहस्ते सिद्ध केली, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. म्हणून सूचीकाराच्या कामाविषयीच बोलावे असे मी ठरविले. वडोदऱ्यात तर हा विषय परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले आणि पुढच्याच वर्षी येथे ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. माझे आयुष्य वैद्यकीय ग्रंथालयात गेले. तेथे ज्या एका सूचीवर आम्ही विसंबून राहत असू, तिची कथा आज आपणांसमोर मांडतो.

एखादा रोगी म्हणतो ‘साखरेचा आजार’, दुसरा म्हणतो ‘मधुमेह’, डॉक्टर म्हणतात ‘डायबेटिस’. जगभरच्या नियतकालिकांतील लेखकही असेच नाना शब्द वापरतात. हे सारे लेख एका जागी सापडावयाचे, तर कोणीतरी प्रत्येक लेख चाळून त्यावर ठरलेल्या शब्दांची नोंद केली पाहिजे. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय, म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन, हे काम करते. त्या ठरलेल्या शब्दांच्या कोशास ‘मेश’ म्हणतात. १९६० साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सुमारे ४,४०० संज्ञा होत्या. आज त्या तीस हजारांवर गेल्या आहेत. कर्करोगाचे लेख तेथे ‘निओप्लाझम्स’ या संज्ञेखाली येतात. नियम असा की, लेख फुप्फुसाच्या कर्करोगाचा असेल तर मोघम संज्ञा न देता नेमकी फुप्फुसाचीच द्यावी. लेखाला सुमारे दहा-बारा संज्ञा लागतात आणि त्यांतील मुख्य विषयांवर तारका-चिन्ह येते.

हे वाटते तितके यांत्रिक नाही. लेखाच्या शीर्षकात एका औषधाचे नाव असते, पण मजकूर वाचल्यावर कळते की, खरा विषय त्या औषधाने मूत्रपिंडास होणारा अपाय हा आहे. ‘उपचार’ की ‘दुष्परिणाम’, एवढा एक उपशब्द बदलला तर शोधणाऱ्याच्या हाती तो लेख लागतो किंवा कायमचा निसटतो. शोधणारा डॉक्टर असतो आणि त्याच्यामागे एक रोगी असतो.

आता मक्त्याचा प्रश्न. ही सूची जन्मापासूनच सरकारी नव्हती. जॉन शॉ बिलिंग्ज आणि रॉबर्ट फ्लेचर यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केले, ते खाजगी प्रकाशकामार्फत, वर्गणीदारांच्या भरवशावर. वर्गणीदार पुरेसे मिळेनात, म्हणून १८९९ साली ते बंद पडले. १९०३ साली कार्नेगी संस्थेने हात दिला तेव्हा कोठे त्याचे पुनरुज्जीवन झाले. सूचीवर सर्वांचा हक्क असतो, पण तिचा खर्च उचलण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे राष्ट्रीय ग्रंथालयाने हे काम हाती घेतले, १९६४ साली संगणक आणला आणि १९७१ साली ‘मेडलाइन’ सुरू केली. नियतकालिकांची संख्या पाच हजारांच्या वर गेली आणि घरच्या नोकरवर्गाला हा भार पेलेना. तेव्हा बरेचसे काम कंत्राटदारांकडे गेले. माणसे नोंदी करीत तेव्हा एका लेखाच्या नोंदीस सुमारे साडेनऊ डॉलर खर्च येई, असा एक अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. आकडा किरकोळ वाटतो. त्याला वर्षाकाठच्या लाखो लेखांनी गुणले म्हणजे मक्त्याचा मोह का पडतो ते कळते.

मक्त्यावर काम करणाऱ्यांना मी कमी लेखीत नाही. जीवविज्ञानाची पदवी आणि ग्रंथालयाने दिलेले शिक्षण, या दोन्ही अटी त्यांनाही होत्या. शिवाय घरचे सूचीकार निर्दोष होते, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. १९८३ साली फंक आणि रीड यांनी चुकून दोनदा नोंदले गेलेले ७६० लेख तपासले. मुख्य विषयांच्या बाबतीत दोन नोंदींचा मेळ ६१ टक्क्यांच्या आसपास होता आणि सर्व विषय-संज्ञा मिळून तो ४८ टक्क्यांवर उतरला. शिकलेली, अनुभवी माणसेही एकाच लेखाकडे पाहून वेगवेगळे निर्णय घेतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

मग मक्त्याला माझा आक्षेप कोठे आहे? मोजता येते ते मक्त्याने देता येते. खडी किती ब्रास पडली, हे मोजता येते. दिवसाला किती लेख झाले, हेही मोजता येते. परंतु चांगल्या नोंदीचा कस तिच्या संख्येवरून लागत नाही. ज्याला लेखागणिक मोल मिळते, त्याला अवघड लेखापाशी थांबणे परवडत नाही. आणि सूचीचे खरे मोल तर अवघड लेखातच ठरते. म्हणून मक्ता द्यावयाचाच असेल, तर तीन गोष्टी घरीच राहिल्या पाहिजेत: संज्ञांचा कोश, नव्यांचे शिक्षण आणि केलेल्या कामाची फेरतपासणी. स्वतः नोंदी करणारी माणसे घरात उरली नाहीत, तर फेरतपासणी करावयाची कोणी? कारागीर नाहीसे झाले की मालकाला बऱ्यावाईटाची पारख राहत नाही.

हा प्रश्न आता आणखी पुढे गेला आहे. २००२ पासून एक संगणकीय प्रणाली सूचीकाराला संज्ञा सुचवीत होती. एप्रिल २०२२ पासून मेडलाइनच्या सर्व नोंदी यंत्रच करते आणि माणसे निवडक नोंदी तपासतात. पूर्वी नोंदीला महिनोन् महिने लागत. आता ती दिवसाभरात होते, हा लाभ खरा आहे. पण माणूस संपूर्ण लेख पाहत असे, यंत्र शीर्षक आणि सारांशावर भागविते. मूत्रपिंडाचा अपाय सारांशात आला नसेल, तर तो यंत्राला दिसावयाचा कसा? आणि यंत्र शिकले ते कशावरून? माणसांनी वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींवरूनच. ती पुंजी आपण खर्च करतो आहोत. तीत नवी भर कोण घालणार, याचे उत्तर अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी काही डॉक्टर होतील, काही कारखाने चालवतील, काही सरकारी कचेऱ्यांत बसतील. काम बाहेर द्यावे की घरी करावे, असा निर्णय कधी ना कधी आपणांपुढे येईल. तेव्हा दराबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: हे काम बिघडले, तर ते बिघडले आहे हे ओळखणारा माणूस आपल्याकडे उरेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर स्वस्त पडलेला तो सौदा पुढे फार महाग पडतो. आणि त्याची किंमत बहुधा असा कोणी मोजतो, ज्याला त्या सौद्याची वार्ताही नसते.