लिट्ल मोर्टन हॉल : लांकडाचें एक जुनें घर

इंग्लंडांतील जुन्या जमीनदारांच्या घरांचें नांव निघालें म्हणजे दगडी भिंती, उंच मनोरे आणि शिस्तीनें मांडलेल्या खिडक्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आज ज्या घराविषयीं मी बोलणार आहें, तें अगदीं निराळें आहे. चेशायर परगण्यांतील लिट्ल मोर्टन हॉल हें घर लांकडाचें आहे. सभोंवार पाण्याचा खंदक, आंत गोट्यांची फरसबंदी केलेला चौक, आणि त्याच्या कडेनें एकमेकांना टेकून उभे असलेले वांकडेतिकडे सोपे, असा त्याचा थाट आहे.

याची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. सुतारानें प्रथम ओक लांकडाचा सांगाडा उभा केला. एका तुळईचें कुसूं दुसरीच्या भोकांत बसवावयाचें आणि आरपार लांकडी खुंटी ठोकावयाची, अशी ही जुळणी. मधले गाळे कुडानें भरून वर गिलावा दिला. कूड म्हटला कीं आपणांस गरिबाचें खोपट आठवतें. परंतु येथें तो श्रीमंताच्या घरीं वापरलेला आहे. सारा भार सांगाड्यावर. भिंत केवळ आडोशापुरती. म्हणूनच भिंतीच्या जागीं हवी तेवढी कांच बसवितां आली. दर्शनी बाजूस चार पाकळ्यांची जी लांकडी नक्षी दिसते, ती मजबुतीसाठीं नव्हे, वैभव दाखविण्यासाठीं आहे. तिचा काळा-पांढरा रंग मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या आवडीचा. पूर्वीं लांकूड बहुधा न रंगवितांच ठेवीत.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं मोर्टन घराण्यानें हें काम सुरू केलें आणि सुमारें १६१० पर्यंत त्यांत भर पडत गेली. १५५९ सालीं चौकांत पुढें आलेल्या मोठ्या खिडक्या बसविल्या. त्यांवर मालक विल्यम मोर्टन याचें नांव कोरलेलें आहे आणि तितक्याच ठळकपणें सुतार रिचर्ड डेल याचेंही आहे. कारागिराचें नांव असें टिकून राहणें हें भाग्य थोड्यांच्याच वांट्यास येतें.

पुढें दक्षिणेकडील सोप्याच्या माथ्यावर सुमारें ६८ फूट लांबीचें दालन चढविण्यांत आलें. पावसाळी दिवसांत तेथें शतपावली करावी, खेळावें, हा हेतु. भिंतीच्या तक्तपोशीमागें सतराव्या शतकांतील टेनिसचे चेंडू सांपडले आहेत. या दालनावर जड दगडी फरशांचें छप्पर घातलें, आणि त्या ओझ्यानें खालचे मजले वांकले. दालनाच्या एका टोंकास चक्रधारिणी भाग्यदेवता आणि दुसऱ्या टोंकास नियति, अशा गिलाव्याच्या आकृति आहेत.

तें चक्र मोर्टनांवरही फिरलें. १६४२ सालीं सुरू झालेल्या यादवी युद्धांत त्यांनीं राजाचा पक्ष धरला. पक्ष हरला आणि घराणें कर्जांत बुडालें. घर कुळांना भाड्यानें गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रार्थनामंदिरांत कोळसा सांठविला जात होता.

दारिद्र्यानेंच हें घर वांचविलें, असें म्हणण्याचा मोह होतो. पैसा असता तर नव्या चालीचा वाडा येथें उभा राहिला असता, यांत बरेंच तथ्य आहे. पण दारिद्र्यानें जसें नवें बांधूं दिलें नाहीं, तसें जुनें राखूंही दिलें नाहीं. १८९२ सालीं एलिझाबेथ मोर्टन या जोगिणीकडे घर आलें, तिनें प्रार्थनामंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि १९३८ मध्यें घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन झालें, तेव्हां कुठें त्याचा निभाव लागला. त्या संस्थेनें घर राखलें, पण तें ओळंब्यांत आणून सरळ केलें नाहीं. मजल्यांना आलेला वांक हा त्या घराच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्यानें कोठें थांबावें हें तेथें पाहून शिकण्यासारखें आहे.