जायच्या आधीचे दिवस

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)

सर्व आजी-आजोबा, काका-काकू आणि मागच्या रांगेत बसून वेफर्स संपवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सेक्रेटरी काका म्हणाले, ‘जर्मनीबद्दल बोल.’ पण जर्मनीचे फोटो आईच्या कृपेने तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून झालेत. मी जायच्या आधीच्या दिवसांबद्दल बोलते. कारण यंदा आपल्याकडची दोन मुलं बारावीला आहेत, दोघांनीही मला जिन्यात गाठून हेच विचारलंय आणि दोघांच्या आया आत्ता माझ्याकडे रोखून बघतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२२ मध्ये बारावी झाल्यावर मी लगेच कॉलेजला गेले नाही. स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात, वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून गेले. तिकडे याला ‘सामाजिक वर्ष’ म्हणतात. त्याचा कायदा १९६४ सालचा आहे. शाळा संपलेली आणि २७ वर्षांच्या आतली मुलं त्यात रुग्णालयात, पाळणाघरात किंवा वृद्धाश्रमात काम करतात. पगार नसतो. हातखर्चाला पैसे मिळतात, विमा असतो, बऱ्याच ठिकाणी राहायची सोय होते आणि पूर्ण वर्षाला २५ दिवस शिबिरं असतात. २०११ मध्ये तिकडची सक्तीची लष्करी सेवा थांबवली, तेव्हा अशीच दुसरी एक योजना सुरू झाली आणि तिला वयाची वरची अट ठेवली नाही. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले होते, ‘मग मीच जातो, तू इथली मेंटेनन्सची बिलं भर.’

भाषेची तयारी अकरावीपासून होती, कारण कॉलेजात दुसरी भाषा जर्मन घेतली होती. शिवाय शनिवारी मुलुंडहून सीएसटीपर्यंत लोकल आणि तिथून चालत काळा घोड्याला मॅक्समुल्लर भवन. मराठी मुलांनी जर्मनला घाबरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे तो-ती-ते आहे, त्यांच्याकडेही आहे. आपण सत्त्याऐंशी म्हणताना आधी सात म्हणतो आणि मग ऐंशी. ते अगदी तसंच म्हणतात, सात-आणि-ऐंशी. इंग्रजी माध्यमातल्या माझ्या मैत्रिणी तिथे अडकायच्या, मी नाही. तू आणि तुम्ही हा फरकही त्यांच्याकडे आहे. फक्त एक गोष्ट मला जड गेली. आपण आजीला ‘अगं’ म्हणतो. तिथल्या आजींना ‘तुम्ही’च म्हणावं लागतं, आडनावासकट.

अर्जाचं म्हणाल, तर एका एजंटाने आमच्याकडे दीड लाख मागितले. बाबा उठून आले. मग मी संस्थांना थेट ईमेल पाठवायला लागले. ४१ पत्रं गेली, ९ उत्तरं आली, त्यातून ३ मुलाखती. हे सगळं बारावीच्या अभ्यासाच्या मधेमधे. प्रत्येक पत्रात मी लिहायचे की भारतीय संस्कृतीत वडीलधाऱ्यांच्या सेवेला मोठं स्थान आहे वगैरे.

आणि मग लिफ्टमधला तो प्रश्न आला. तुमच्यापैकीच एका काकूंनी विचारला. नाव सांगत नाही, पुढच्याच रांगेत बसल्यात आणि आता आमची चांगली गट्टी आहे. त्या म्हणाल्या, ‘घरची आजी अंथरुणावर, आणि ही चालली परदेशातल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला?’

तेव्हा आजीला अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं होतं. तिचं सगळं आई आणि दिवसा येणाऱ्या मावशी करायच्या. मी काय करत होते? आजीच्या खोलीत डोकावून ‘आजी, बरी आहेस ना?’ म्हणायचे आणि क्लासला पळायचे. मी रडत घरी आले. मला वाटलं, बाबा त्या काकूंवर चिडतील. बाबा म्हणाले, ‘प्रश्न बरोबर आहे. उत्तर असेल तर जा.’

आईने काही भाषण दिलं नाही. शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला सहा वाजता उठवलं आणि ओला टॉवेल हातात दिला. सकाळी सहा ते नऊ आजी माझ्याकडे.

पहिला आठवडा वाईट गेला. डायपर बदलताना मला उमासे यायचे आणि आजी डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं तिला झोप लागलीय. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं की तिला लाज वाटतेय, नातीसमोर. त्यानंतर मी काम करताना बडबड करायला लागले. ‘आजी, आता डावा हात धुते हं. आता कुशीवर वळवते.’ हात लावायच्या आधी सांगायचं, हे मला तिच्या मिटलेल्या डोळ्यांनी शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना पाठ टेकवून नीट बसवायचं, चमचा अर्धाच भरायचा आणि आधीचा घास गिळलाय याची खात्री करायची. मे महिन्यात मुलाखतीत तिकडच्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही कधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला स्वच्छ केलंय का?’ मी संस्कृतीबिंस्कृतीबद्दल काही बोलले नाही. म्हटलं, ‘हो, आज सकाळीच.’ माझी निवड त्याच ठिकाणी झाली.

कागदपत्रांबद्दल एकच महत्त्वाचं सांगते, कारण यात मुलं फसतात. तिकडचं वर्ष साधारण सप्टेंबरला सुरू होतं आणि ऑगस्टला संपतं, आणि आपल्याकडे कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत उरकतात. म्हणून मी दहाच महिन्यांचा करार मागून घेतला आणि जूनअखेर परत आले. लिव्हिंग सर्टिफिकेट आणि गुणपत्रिका जाण्याआधीच काढून आईकडे ठेवल्या होत्या. परत आल्यावर प्रवेशासाठी मधल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागलं, ते नोटरीकडे झालं. बॅगेबद्दल विचारू नका. भाजणी चार किलो झाली आणि लोकरीचे मोजे राहिले.

एका गोष्टीची तयारी मात्र माझी आपल्या सोसायटीने नकळत करून घेतली होती. त्या भागात ‘केरवोखे’ नावाची पद्धत आहे. बिल्डिंगमधला प्रत्येक जण आळीपाळीने आठवडाभर जिना झाडतो, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लावतात. ‘केर’ हा शब्द ऐकूनच मला घरी आल्यासारखं वाटलं. आणि पाटी लागलेली असूनही जिना न झाडणारे तिकडेही असतात, हे चेअरमन काकांना मुद्दाम सांगते.

जायच्या आठ दिवस आधी बाबांनी आम्हाला आजीच्या खोलीत बसवलं. बाहेर नाही, तिच्यासमोर. म्हणाले, ‘ही तिकडे असताना आईचं काही बरंवाईट झालं, तर हिने यायचं की नाही ते आज ठरवू.’ कोणीच बोलेना. आई खिडकीकडे बघत होती. आजीची जीभ जड झाली होती, तिचं बोलणं आम्हालाच कळायचं. ती म्हणाली, ‘तिकिटात पैसे घालू नका.’ बाबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच.

आजी फेब्रुवारीत गेली. मी आले नाही. व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं, तुमच्यापैकी कितीतरी जण त्यात दिसत होते. त्या लिफ्टमधल्या काकू आईचा हात धरून बसल्या होत्या. आश्रमातल्या बाईंनी मला सुट्टी दिली. दुपारपर्यंत मी खोलीत बसले, मग खाली गेले, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींना चार वाजता मीच भरवायचे आणि दुसऱ्या कोणाच्या हातून त्या नीट खात नसत. त्यांना सांगितलं, ‘आता पाठीला उशी लावते हं.’ मराठीतच बोलले, हे नंतर लक्षात आलं.

तर त्या दोघांच्या आयांनो, पत्रांचे नमुने आणि कागदांची यादी माझ्या वहीत आहे. बी विंग, तिसरा मजला. रविवारी चारनंतर या, त्याआधी बाबा झोपलेले असतात. मुलांना बरोबर आणा आणि येताना जमल्यास जिन्याने या, लिफ्ट पुन्हा बंद आहे.